अर्धी भाकरी आणि रात्री अकराचा खुर्रर्र

तर झालं असं की, डिसेंबरात आमच्या घरात एका एक्सेल शीटवरून कडाक्याचं भांडण झालं. शीट मी बनवली होती. तिच्यात चार कॉलम होते : तारीख, जेवायला काय केलं होतं, ताटात किती उरलं आणि रात्री अकरानंतर काय खाल्लं. चौथ्या कॉलमला मी कंडिशनल फॉरमॅटिंगसुद्धा लावलं होतं. लाल रंगाचं. एवढं वाचूनच लग्न झालेल्या वाचकांनी कपाळावर हात मारून घेतला असेल. लग्न व्हायचं असलेल्यांनी मात्र पुढे वाचावं, उपयोगी पडेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. आम्ही दोघंही आयटीतले. बायकोचं ऑफिस हिंजवडीला, आठवड्यातले चार दिवस जावंच लागतं. माझी टीम अमेरिकेतल्या क्लायंटचं काम करते, त्यामुळे मी घरूनच, दुपारी दोन ते रात्री बारा. म्हणजे संध्याकाळी कुकर लावायच्या वेळी घरात जो प्राणी असतो तो मी. लग्न ठरतानाच ठरलं होतं की रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे. हे ऐकल्यावर आमच्या आईने फोनवर पाच सेकंद शांत राहून विचारलं होतं, "मग ती काय करणार?" मी म्हणालो, "ती जेवणार." 

आता हे वाक्य आठवलं की हसू येतं. कारण ती जेवायचीच नाही ना!

मी मूळचा आष्टीचा. बीड जिल्ह्यातली आष्टी. हे सांगावं लागतं, कारण महाराष्ट्रात आष्ट्या पुष्कळ आहेत. वर्ध्यात एक, जालन्यात एक, गडचिरोलीत एक. १८१८ साली बापू गोखले जिथे पडले ती आणखी वेगळी, सोलापूर जिल्ह्यातली. आमची आष्टी नगरच्या बाजूची. कागदोपत्री मराठवाड्यातली, पण बाजार, दवाखाना, कॉलेज, सगळं नगरचं (आता अहिल्यानगर म्हणायचं, जिभेला अजून सवय व्हायची आहे). पाऊस आमच्याकडे पाहुण्यासारखा येतो, चहा घेतो आणि जातो. २०१३ च्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकर आला की मी पुस्तक टाकून हंडा घेऊन पळायचो. २०१९ ला तालुक्यात चारा छावण्या लागल्या होत्या. शाळेतल्या माझ्या वर्गातली चार-पाच पोरं दरवर्षी दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची ती उन्हाळा लागल्यावरच दिसायची. 

अशा गावात ताटात अन्न टाकणं हा गुन्हा असतो. आमच्या घरी त्या गुन्ह्याला शिक्षाही ठरलेली होती : आज्जी बहात्तरचा दुष्काळ सांगायला बसायची. खडी फोडायला गेलो, मिलो खाल्ली, सुकडी खाल्ली, तुम्हाला काय कळतंय... इथपासून सुरुवात. शेवटची भाकरी पाण्यासोबत गिळून आम्ही भावंडं सुटका करून घ्यायचो. तर हे असं बाळकडू घेऊन मी पुण्यात चौथ्या मजल्यावर भाकरी थापायला उभा राहिलो.

भाकरी हा काय प्रकार आहे ते करून बघितल्याशिवाय कळत नाही बरं का. गव्हाच्या कणकेत ग्लुटेन असतं, ते सगळं धरून ठेवतं. ज्वारीत ते नसतं. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि थापताना भाकरीला कडेने चिरा पडत जातात, उन्हाळ्यातल्या शेतासारख्या. मग उकळतं पाणी घालून मळायचं, हात भाजून घ्यायचा, थापायचं, उचलताना अर्धी परातीत आणि अर्धी हातात. आईला व्हिडिओ कॉल लावून मी पहिले पंधरा दिवस शिकत होतो. एक दिवस तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, विस्तवावर धरली आणि ती टम्म फुगली. खोटं कशाला सांगू, प्रॉडक्शनला पहिल्यांदा कोड गेला तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता. स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

त्या रात्री बायकोने त्या भाकरीचा बरोबर अर्धा भाग खाल्ला. येसराची आमटी दोन चमचे घेतली. "छान झालीये रे," म्हणाली. "पण भूक नाहीये फारशी."

ठीक. थकली असेल. दुसऱ्या दिवशी पिठलं. पुन्हा अर्धी भाकरी. तिसऱ्या दिवशी मेथी. मग रात्री अकराच्या सुमाराला, मी कॉलवर असताना, स्वयंपाकघरातून एक आवाज यायचा. खुर्रर्र. पाकीट उघडल्याचा. मग कर्रम कर्रम. एकदा तर क्लायंटकडच्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडे पाऊस पडतोय का? माझा माइक चालू राहिला होता.

आता तुम्ही म्हणाल, खाऊ दे की, एवढं काय. मीही स्वतःला तेच सांगत होतो. चकली खा, बाकरवडी खा, आपलं काय जातं? पण एका रात्री पाणी प्यायला उठलो आणि ओट्यावरचं पाकीट वाचलं. ज्वारीचे पफ्स! पेरी-पेरी फ्लेवर. वर मोठ्या अक्षरात मिलेट, सुपरफूड वगैरे. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं तेव्हापासून ही पाकिटं दुकानात बोकाळली आहेत. तीस ग्रॅम, पन्नास रुपये. मी तिथेच उभ्याने हिशोब केला, किलोला सोळाशे रुपयांच्या वर. आणि २०२५-२६ साठी सरकारने मालदांडी ज्वारीला जाहीर केलेला हमीभाव किती? क्विंटलला ३७४९ रुपये. किलोला साडेसदतीस! बाजारात तेवढा मिळेलच असंही नाही. म्हणजे माझ्या बापाने रानात पिकवलेली, आईने निवडून दिलेली, मी हात भाजून थापलेली ज्वारी ताटात अर्धी टाकायची, आणि तीच ज्वारी चाळीसपट पैसे मोजून पाकिटातून खायची.

डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी शीट सुरू केली.

तीन आठवडे गुपचूप नोंदी केल्या. मग एका रविवारी सकाळी चहा घेताना लॅपटॉप तिच्यासमोर सरकवला. मला वाटलं होतं, डेटा बघितल्यावर चर्चा शास्त्रशुद्ध होईल. ती पहिल्या कॉलमपासून शेवटपर्यंत शांतपणे वाचत गेली. तिच्या जेवणाची एकवीस दिवसांची हजेरी. एका ओळीत "०.२५ भाकरी, भाजी टाकली" असं होतं, आणि तारखेवर बोट ठेवून ती म्हणाली, "या दिवशी माझं अप्रेझल झालं होतं. रडत आले होते मी घरी. ते कुठल्या कॉलममध्ये आहे?"

मी गप्प.

"तू माझ्यावर बग लॉग केलास," ती म्हणाली आणि आत निघून गेली. 

पुढचा आठवडाभर ती ताटातलं सगळं संपवत होती. एकही घास टाकत नव्हती आणि एकही शब्द बोलत नव्हती. रात्री खुर्रर्र नाही, काही नाही. शीटप्रमाणे बघितलं तर प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड. आयुष्यातला सगळ्यात वाईट आठवडा होता तो. समोर बसून कुणी आपल्या हातची भाकरी औषधासारखी गिळतंय हे बघवत नाही हो. मग मीच माफी मागितली, शीट तिच्यासमोर डिलीट केली (रीसायकल बिनमधूनसुद्धा). बोलणं सुरू झालं, पण ताटाचा विषय दोघंही टाळत होतो.

यंदा २६ जानेवारी सोमवारी आली. सलग तीन दिवस. वडिलांचा फोन आला, हुरडा आलाय, या. आमच्याकडे आता रेल्वे आहे हे सांगायची संधी ते सोडत नाहीत. नगर-बीड-परळी मार्ग माझ्या जन्माआधी, १९९५ ला मंजूर झाला, नगरहून आष्टीपर्यंत गाडी धावली सप्टेंबर २०२२ ला, आणि बीडला पोचली सप्टेंबर २०२५ मध्ये. आमच्या प्रोजेक्टच्या डेडलाईनबद्दल मला कुणी बोलूच नये. असो. आम्ही आपले गाडीनेच निघालो. 

शिक्रापूरच्या आसपास नगर रोडवर जो ट्रॅफिक लागतो त्यात माणूस एक तर भांडतो किंवा मन मोकळं करतो. तिने पर्समधून पाकीट काढलं, माझ्याकडे बघून परत ठेवलं. मी म्हणालो, खा की. मग ती जे बोलली ते दीड वर्षाच्या लग्नात मी पहिल्यांदा ऐकत होतो.

ती डोंबिवलीची. आई-बाबा दोघंही नोकरीला, दोघंही सकाळच्या लोकलने जायचे. शाळेतून आली की गळ्यातल्या किल्लीने कुलूप उघडायचं, आणि टेबलावर आईने ठेवलेला एक स्टीलचा डबा असायचा. आत चिवडा, शंकरपाळे, कधी फरसाण, आणि झाकणाखाली चिठ्ठी. काहीही लिहिलेलं असायचं, दूध पी, गणिताची वही सापडली का, वगैरे. ती खिडकीत बसून डबा खायची आणि रस्त्याकडे बघत बसायची. साडेआठला आई यायची, येताना पोळीभाजी केंद्रातून पोळ्या आणायची, सगळे दमलेले, जेवण म्हणजे उरकायचं काम. "आमच्याकडे जेवताना कुणी कुणाशी बोलायचं नाही," ती म्हणाली. "आईशी माझं बोलणं डब्यातच व्हायचं." 

आता सहा वाजता ऑफिसात भूक लागली की ती काहीतरी खाते, बसमध्ये दीड तास जातो, घरी येते तेव्हा भूक मेलेली असते. आणि समोर मी, ताट वाढून, चेहऱ्याकडे बघत बसलेला. "परीक्षेला बसल्यासारखं वाटतं रे. अकरा वाजता तू कॉलवर असतोस, घर शांत असतं, मला भूक लागते. मग खाते."

मी काही बोललो नाही. पुढे ट्रक होता, त्याच्याकडे बघत राहिलो.

आष्टीला पोचलो ते थेट रानातच. वडिलांनी आगटी पेटवून ठेवलेली. ज्यांनी हुरडा खाल्लेला नाही त्यांच्यासाठी : ज्वारीचं कणीस दुधात असतं, दाणे हिरवे आणि कोवळे, तेव्हाच तोडायचं. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांचा विस्तव करायचा, कणसं त्यात खुपसायची, भाजली की गरमागरम हातावर चोळायची. दाणे खाली, कोंडा फुंकून उडवायचा. बरोबर शेंगदाण्याची चटणी, गूळ, खोबरं. हुरड्याला खरी मजा गुळभेंडीची. वडील दोन तास त्यावरच बोलू शकतात.

बायको गोणपाटावर मांडी घालून बसली. हात काळे, नाकाला राख. एक मूठ, दुसरी मूठ, पाचवी मूठ. वडील चोळून देतायत आणि ती खातेय. मी बघत राहिलो. या बाईला भूक नसते?

दीड वाजता आईने घरून पाठी आणली. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. वडिलांनी हात वर केला, "मला नको." चुलत्यांनी अर्धी घेतली. मीही अर्धीच घेतली, पोटात जागाच नव्हती. आई म्हणाली, "हुरडा खाल्ल्यावर कोण जेवतंय, मला माहितीच होतं. उगं आपलं आणलं." आणि पाठी झाकून ठेवली. 

कुणी दुष्काळ काढला नाही. कुणी काही काढलं नाही. बायकोने माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही, फक्त बघितलं. 

मला राहवेना. संध्याकाळी आज्जीच्या खाटेवर बसून मीच विषय काढला. पंच्याहत्तरी ओलांडली आहे, ऐकायला कमी येतं, पण बहात्तर म्हटलं की सगळं ऐकू येतं. म्हटलं, आज्जी, तेव्हा पोरं ताटात काही टाकायची नाहीत ना?

"कोण म्हणलं?" आज्जी उसळलीच. "ती मिलो म्हंजी काय, लाल लाल भाकर, अमेरिकेची. घशाखाली उतरायची न्हाई. तुझा चुलता चार वर्साचा होता, त्यानं तर तोंडच लावलं न्हाई. उपाशी ऱ्हायचा पण खायचा न्हाई."

"मग?"

"मग काय. कामावर सुकडी मिळायची, ती मी खायची न्हाई, पदरात बांधून आणायची. भाकरीचा कुस्करा करायचा, त्यात कालवायचा, मूठभर त्याच्या खिशात घालायचा. हिंडत हिंडत खायचा मग. बसून जेव म्हणलं की रडायचा." आणि मग दात नसलेलं हसून, "खिशात घातलं की संपायचं बग."

शेजारी बसलेले साठीच्या जवळचे चुलते शेव खात होते. "मला काय आठवत नाही," एवढंच म्हणाले.

बालपणभर ज्या गोष्टीने माझ्याकडून ताटं संपवून घेतली, तिचा हा भाग मला कुणी सांगितलाच नव्हता. म्हणजे बहात्तर सालात, खडी फोडून आल्यावर, आमच्या घरात एक पोरगं जेवण टाकून खिशातलं खात होतं आणि त्याला कुणी हाणलंही नव्हतं.

दुसऱ्या रात्री आणखी एक गंमत झाली. गंमत म्हणायची का माहीत नाही. सगळ्यांची जेवणं झाली आणि मी सवयीने ताट उचलून आत गेलो, तर आई ओट्याशी उभी राहून पाव भाकरी आमटीत बुडवून खात होती. उभ्यानेच. दोन मिनिटांत झालं. मी विचारलं, "एवढंच?"

"करता करताच पोट भरतं रे," ती म्हणाली. "आणि पाचला खाल्लंय की."

पाचला काय खाल्लं? बायको मागून आली आणि तिने शिंकाळ्याशेजारचा जर्मनचा डबा खाली काढला. आत शेंगदाणे, गुळाचे खडे, थोडी खारी, कागदात बांधलेली शेव. "आईंचा डबा," ती म्हणाली. "पाच वाजता चहाबरोबर. आम्ही दोघी खातो मी आले की." 

"तुला कधीपासून माहितीये?"

"लग्नानंतर आले तेव्हापासून. त्यांनीच दाखवला."

अठ्ठावीस वर्षांचा आहे मी. बारावीपर्यंत त्या घरात राहिलो. आई काय जेवते, किती जेवते, हे मी एकदाही बघितलेलं नव्हतं. ती सगळ्यात शेवटी बसायची, आम्ही तेव्हा टीव्हीपुढे असायचो. तिच्या एकवीस दिवसांची शीट केली असती तर शेवटचे दोन्ही कॉलम लालभडक झाले असते. आणि मला राग आला होता तो कुणाचा? ताटात उरलेल्या भाकरीचा की "वा!" न म्हटल्याचा? आई रोज तीन वेळा करायची, मी तिला कधी वा म्हटल्याचं आठवत नाही. हात धुऊन उठायचो. मी मात्र एका फुगलेल्या भाकरीचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला होता.

आईला म्हणालो, उद्यापासून आमच्याबरोबर बस. ती म्हणाली, "मग गरम कोण वाढणार?" मी म्हणालो, मी. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाकऱ्या केल्या, चुलीवर, पहिली करपली, दुसरी फाटली. आई वडिलांच्या शेजारी पाहुणी आल्यासारखी अवघडून बसली होती आणि दर दोन मिनिटांनी उठून बघत होती. तिने पाऊण खाल्ली. "कडक झाली," म्हणाली. खरं तेच होतं.

निघताना तिने गाडीत ज्वारी दिली, येसर दिला, आणि बायकोच्या हातात ज्वारीच्या लाह्यांची पिशवी. नागपंचमीला करतात त्या, पण हिच्यासाठी मुद्दाम जानेवारीत केलेल्या. वर तिखट-मीठ लावलेलं. पेरी-पेरी म्हणा हवं तर.

आता काय चाललंय ते सांगतो. सकाळी तिच्या डब्याबरोबर एक छोटी डबी जाते, लाह्या आणि शेंगदाणे. पहिल्या दिवशी मी झाकणाखाली चिठ्ठी घातली होती, "बस मिळाली की फोन कर." त्यावर ती काही बोलली नाही, पण डबी परत आली तेव्हा चिठ्ठी आत नव्हती. रात्री मी तिच्यासाठी एकच भाकरी करतो, आधी विचारून. कधी ती अर्धीच सांगते. उरलेल्या अर्ध्या भाकरीचा सकाळी कुस्करा होतो, कांदा-मिरची टाकून, आणि तो ती आवडीने खाते. (हे मला आधी का सुचलं नाही?) परवा मात्र दोन टाकल्या तिने, मला थोडा राग आलाच. सवय आहे, जाईल.

आणि अकरा वाजता खुर्रर्र अजूनही होतं. काल कॉलवर होतो तेव्हा ती पाकीट घेऊन माझ्याच खोलीत आली, शेजारच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसली आणि पाकीट माझ्यापुढे धरलं. मी मूठभर घेतले. क्लायंटकडच्या बाईंनी विचारलं, पाऊस पडतोय का? 

मी म्हणालो, हो, जोरात.